सरांनी भरलेला जिल्हा

काल सकाळी आमचे मोरेश्वर सर गेले.

माझी मेरिट त्यांनीच घालवली होती.

सगळे स्टेटसला त्यांचा फोटो ठेवून 'देवमाणूस' लिहीत आहेत. होतेच ते. पण मला तेवढंच लिहून थांबता येत नाही.

सौंसरच्या आमच्या शाळेत सर सायन्स शिकवायचे. दहावीत प्रतिभा परीक्षेला मला त्यांनीच बसवलं. अख्ख्या मध्य प्रदेशाला एकच पेपर, पण कटऑफ प्रत्येक जिल्ह्याचा वेगळा. आपल्या जिल्ह्याच्या कटऑफच्या वर गेलं की मेरिटमध्ये नाव, आणि मेरिटवाल्यांना भोपाळला हॉस्टेल, कोचिंग, सगळं फुकट.

मला डॉक्टर व्हायचं होतं.

आई-बाबा बोरगावला दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचतात. हॉस्टेल नाही मिळालं तर मी कामाला लागायचं, हे घरात ठरलेलंच होतं.

सर रविवारीसुद्धा शिकवायचे. परीक्षेच्या आदल्या दिवशी जामसांवलीच्या मारुतीचा प्रसाद घेऊन आले.

"सर, आम्ही बौद्ध. आमच्या घरी हे नाही चालत."

"मारुतीचं नको समजू. खोबरं समज. डोक्याले चांगलं रायते."

खाल्लं मी.

पोरं फॉर्म चुकवतात म्हणून सगळ्यांचे फॉर्म सर स्वतः घरी बसून भरायचे. तेव्हा छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा जिल्हा नुकताच झाला होता आणि सौंसर त्यात आलं होतं. नवीन जिल्हा झाला त्या दिवशी बसस्टँडवर डीजे लागला, तर सर सगळ्यांच्या पुढे नाचले होते.

आणि फॉर्ममध्ये त्यांनी जिल्हा भरला छिंदवाडा.

जन्मभर तेच लिहीत आले होते. सवयीनं हात गेला.

निकालाच्या दिवशी त्यांनी आधी पांढुर्ण्याचा कटऑफ पाहिला. माझे मार्क चांगलेच वर होते. ते पेढे घेऊनच वर्गात आले. वाटून झाल्यावर मोबाइलवर माझं नाव शोधायला लागले.

शोधतच राहिले.

मग छिंदवाड्याची यादी उघडली. तिथला कटऑफ माझ्या मार्कांच्या वर होता.

सर खुर्चीत बसले. "पोरी, माह्या हातानं झालं वं हे."

माझ्या तोंडात पेढा होता. गिळताही येईना, थुंकताही येईना.

बाकीच्या पोरांचे मार्क दोन्हीकडे कमीच होते. नुकसान झालं ते माझ्या एकटीचं.

निकाल लागल्यावर दुरुस्ती होत नाही, हे ऑफिसात पहिल्याच फेरीत सांगितलं होतं. सर तरी जात राहिले. छिंदवाडा, पांढुर्णा, भोपाळ. उन्हात, स्वतःच्या तिकिटानं, शुगर असताना.

मी घरी चिडचिड करायचे. बाबा म्हणायचे, "त्यायले काही म्हनू नको. त्यायनं काय मुद्दाम केलं?"

मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

आता मी सौंसरला साडीच्या दुकानात आहे. बारावी प्रायव्हेट दिली, शाळेत न जाता. सायन्स प्रायव्हेट होत नाही, म्हणून आर्ट्स.

सर अधूनमधून दुकानात यायचे. गरज नसताना टॉवेल घ्यायचे आणि हळूच म्हणायचे, "नवा अर्ज देल्ला. होऊन राहिलं."

"हो सर," मी म्हणायचे.

काही होऊन राहिलं नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

मी त्यांना माफ केलं का? नाही. आजही नाही. आणि काल बातमी ऐकल्यावर दुकानाच्या मागे जाऊन इतकी रडले की मालकीणबाईंनी घरी पाठवलं. दोन्ही खरं आहे.

आज दुपारी बसस्टँडवर सरांचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. हसरा फोटो, हार, खाली नाव.

त्याच्या खाली: तहसील सौंसर, जिल्हा छिंदवाडा.

छापणाऱ्याचाही हात गेला असेल. येणारे-जाणारे हात जोडून पुढे जात होते. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

माझ्या पर्समध्ये दुकानातला भाव लिहायचा मार्कर होता. छिंदवाडा खोडलं आणि वर पांढुर्णा लिहिलं.

नागपूरच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या एका आजीनं विचारलं, "काय करून राहिली वं?"

"दुरुस्ती," मी म्हटलं.

सर, तुमचा जिल्हा बरोबर केला. माझा राहिला तो राहिलाच. आता कुठल्या ऑफिसात जाऊ नका, उन्हात फिरू नका.

जा सर.