सारख्या आकाराचे तुकडे

वाळूजच्या कारखान्यात फारूखभाईंनी तीस वर्षं क्वालिटीत काढली. जे स्वतः तपासलं नाही त्यावर हा माणूस सही करायचा नाही. साहेब लोक हात जोडायचे, पण भाई ढिम्म.

कारखान्यातले कॅमेरे सांभाळणाऱ्या रामेश्वरसोबत त्यांनी चित्रण कमी डेटात पाठवण्याची एक युक्ती काढली. चित्राचे चौकोनी तुकडे पाडायचे आणि जो बदलला तेवढाच पुढे पाठवायचा. पेटंटचा अर्ज लिहिताना रामेश्वर म्हणाला, "भाई, तुकडे लहानमोठे बी चालतेत असं टाका. हालचाल नाय तिथं मोठा, हाय तिथं बारका."

"करून बघितलं का?"

"नाय. पण व्हईल की."

"मग कशाला लिहायचं?"

आणि भाईंनी ठासून लिहिलं, सगळे तुकडे सारख्या आकाराचे असतात. रामेश्वर हसला आणि सही करून मोकळा झाला. आता याला प्रामाणिकपणा म्हणावं की हट्ट, तुम्हीच ठरवा.

पेटंट मिळालं. पुढे एका बड्या मोबाइल कंपनीने तीच युक्ती वापरली, पण लहानमोठ्या तुकड्यांची. भाई आणि रामेश्वर कोर्टात गेले. केस चालू असतानाच रामेश्वर शिफ्टवरून येताना ट्रकखाली गेला. त्याच्या बायकोला, दिपालीला, पैशाची आस नव्हती. घराघरातल्या मोबाइलमध्ये आपल्या माणसाचं डोकं आहे, एवढं कोर्टाने म्हणावं, हीच तिची इच्छा.

निकालाच्या दिवशी ती रोशन गेटला भाईंच्या घरी आली. दोघं मोबाइलवर कोर्टाचं थेट प्रक्षेपण लावून बसले. न्यायाधीश दिल्लीहून बोलत होते. तुकडा म्हणजे काय, हे अर्जदारांनी स्वतःच अर्जात सांगितलं आहे. त्यांनी सारखा म्हटलं, तर आम्ही तो लहानमोठा कसा धरावा? दावा फेटाळला.

तेवढ्यात रेंज गेली आणि चित्र फुटलं. मागच्या भिंतीवर मोठाले चौकोन, न्यायाधीशांच्या ओठांपाशी बारीक बारीक. भाई झटकन मोबाइलवर वाकले.

"काय झालं, भाऊ?"

"वहिनी, कोर्ट चुकलं नाय. रामेश्वरनं सांगितलं होतं, मीच लिहू दिलं नाय. हे बघा, भिंतीला मोठे, तोंडापाशी बारके. हे त्याचंच हाय."

दिपालीने मोबाइल घाईघाईने जवळ ओढला. तोवर रेंज आली होती आणि चित्र पहिल्यासारखं स्वच्छ झालं होतं.

"कुठं हाय, भाऊ?" ती विचारत राहिली. "मला तर काहीच दिसंना."