आपाचं नाक आणि गल्लीचं पाणी

आमच्या गल्लीतली जमीलाआपा गेली त्या दुपारी नळाला पाणी आलेलं होतं. दवाखान्यातून तिच्या लेकाचा फोन आला, "खाला, अम्मी गुजर गयी..." आणि मी हातातली नळी टाकून तिच्या घराकडं धावले. हंडा भरून वाहत राहिला, मोटार बंद करायचंही भान राहिलं नाही. काही आठवडे झाले त्याला.

गुलमंडीच्या मागं आमची गल्ली. पाणी आठवड्यातून एकदा. त्या दिवशी पाहुणा आला तर त्याला कोणी चहासुद्धा विचारत नाही. घरोघर नळाला मोटार जोडलेली आणि सगळ्या एकदम सुरू. पाइप मात्र गटारातून गेलेला, जागोजागी फुटका. पाण्याला जोर नसला की मोटार गटारच ओढून घेते. हेच गटार पुढं खाम नदीत जातं, तिथं आम्ही पुलावरून नाक दाबून जातो. घरातल्या पाण्यात ते थोडंसं मिसळलं तर मात्र कळत नाही. त्यासाठी आपा होती.

तिचे वडील अत्तर विकायचे, नाक त्यांचंच घेतलेलं. पहिलं पाणी ओंजळीत घेऊन डोळे मिटून हुंगायची. "नक्को भरो अभी! घाण हाय अजून!" म्हणाली की सगळ्या बाया गुमान पाणी सोडून द्यायच्या. "भरा आता" म्हटलं की एकच झुंबड. मी चिडवायची, "आपा, तुझ्या नाकाला सरकारनं पगार लावायला पाहिजे." ती म्हणायची, "पगार नको गं बाई, त्या मोटारी तेवढ्या बंद करा." सगळ्या व्हय व्हय म्हणायच्या. बंद कोण करणार? शेजारीण चालू ठेवायची अन् आपण कोरडे राहायचो.

हिवाळा सरता सरता गल्लीत कावीळ निघाली. घरोघर पिवळे डोळे. आपाही आडवी झाली. मला धास्ती होती पूजाची, माझ्या सुनेची. पोटुशी होती ती. गरोदरपणात ही पाण्यातनं होणारी कावीळ जिवावर बेतते, डॉक्टरांनी खडसावून सांगितलं. तिला लगोलग लासूर स्टेशनला माहेरी धाडलं.

दवाखान्यात आपाला भेटले तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "पूजानं पिलं का गं ते पाणी?"

"ती उकळून प्यायची आपा. रक्त तपासलंय, चांगलं आहे."

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "नाक तर माझं लॉकडाऊनच्या त्या मोठ्या तापातच गेलं, मंदा. डाळ करपली तरी कळत नाय. रंग बघून सांगत होते नुसतं..."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लई भरोशानं बघायच्या माझ्याकडं. मी नाय म्हटलं असतं तर विचारलं असतं कोणाला?"

मला राग आला. तिचाच आला, खोटं कशाला बोलू? माझ्या सुनेच्या जिवाशी खेळ झाला होता! पण घरी येईपर्यंत तो तिच्यावर टिकेना. अख्ख्या गल्लीचा जीव एका बाईच्या नाकावर टांगायची पाळी आमच्यावर आणली कोणी? पाइप बदला म्हणून आम्ही महापालिकेत किती हेलपाटे घातले. आपा गेल्यावर पालिकेची माणसं आली, रस्ता खणला, फुटक्या पाइपाला सायकलची ट्यूब गुंडाळली आणि माती लोटून निघून गेली.

त्यानंतर परवा पहिल्यांदाच पाणी आलं. हंडे लावून बाया उभ्या, भरेना कोणीच. शेवटी आपाची सून नसरीन पुढं झाली. ओंजळ नाकाशी नेली आणि रडायलाच लागली. "मेरे कू नै समजता, खाला." मग एकेकीनं हुंगलं. कोणी म्हणे बरं आहे, कोणी म्हणे वास येतोय. भांडणंच लागली.

पूजाला लासूरला मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत. बारसं इथंच करायचं ठरलंय, पाळणा धुऊन ठेवलाय. पूजा रोज विचारते, "आई, कधी येऊ?" मी म्हणते, थांब गं, जरा थांब... नातीला मी अजून फोनवरच बघते.