महादेवाचा स्कॅनर

पिंगळीच्या कल्याणराव वाण्यांच्या घरात देव दोन. एक आतल्या खोलीतला महादेव, दुसरा बाहेर दुकानातला गल्ला. पहिल्याला सकाळ-संध्याकाळ बेल, दुसऱ्याला दिवसभर नमस्कार. मल्लम्मा दोघांचीही सेवा करायची. फक्त गल्ल्यात पैसा टाकायला तिचा हात चालायचा, काढायला नाही.

मल्लम्मा मूळची उदगीरकडची, कानडी-मराठी मिसळलेल्या घरातली. राग आला की ती कानडी बोलते, आणि देवाशी बोलायचं तरी कानडीच. त्यामुळं बायको रागावली आहे की जप करते आहे, हे कल्याणरावांना लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी नीट ओळखता येत नाही. सावधगिरी म्हणून ते दोन्ही वेळेला गप्प बसतात.

नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासूनं तिच्यापुढं कापसाचं बोचकं ठेवलं आणि म्हणाली, रिकामी बसू नको. मल्लम्मा बसली नाही. आधी घरच्या देवापुरत्या वाती वळल्या, मग गल्लीपुरत्या, मग परभणीच्या पूजेच्या दुकानांपुरत्या. फुलवाती, समईच्या लांब वाती, गौरी-गणपतीला कापसाची वस्त्रं, कार्तिकातल्या पुनवेला जाडजूड त्रिपुरवात. आता तिच्या ओसरीत सहा बायका वळायला बसतात. त्यांची म्होरकी कमलबाई, शेतकऱ्याघरची, हात मऊ आणि जीभ तिखट.

धंदा वाईट नव्हताच. देवाच्या धंद्याला मंदी कुठली? माणूस जितका अडचणीत, तितक्या जास्त वाती लावतो. पण पैसा यायचा तो श्रावणापासून कार्तिकापर्यंत, आणि तोही यायचा कल्याणरावांच्या दुकानातल्या स्कॅनरवर. परभणीच्या दुकानदारानं वातीचे पैसे सोडले की दुकानातला बोलका डबा हिंदीत ओरडायचा, ‘तीन हज़ार दो सौ रुपये प्राप्त हुए!’ आणि साखर तोलता तोलता कल्याणराव गिऱ्हाइकाला म्हणायचे, “बगा, दुकान कसं चालायलंय!”

मग त्या पैशातून चहापत्तीचं पोतं यायचं, लाइटबिल जायचं, कुणाच्या तरी बारशाला पैठणी जायची. संक्रांतीपर्यंत सगळं साफ. नवा कापूस स्वस्त असतो तेव्हा मल्लम्माचा हात रिकामा. ज्येष्ठात व्यापाऱ्याकडून सरकी काढलेली रुई उधार आणायची, ती तो म्हणेल त्या भावानं, आणि श्रावणातला पहिला पैसा त्याच्या घशात घालायचा. वळणाऱ्या बायकांची मजुरी तुंबली की ती दुकानातली साखर द्यायची.

“वैनी,” कमलबाई एकदा म्हणाली, “औंदा मजुरी लय गोड झाली बगा. आमच्या मालकाला शुगर निघाली. आता नोटा द्या, त्या पचतेत.”

मल्लम्माला हे लागलं. देवाच्या दिव्याचं काम आणि बाई रिकाम्या हातानं घरी, हे पाप तिला उजेडात दिसत होतं. उपाय तेवढा दिसत नव्हता.

तो पावसाळ्यात परभणीला दिसला. बचतगटाच्या बायकांना एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. शिकवायला अर्पिता मॅडम, वयानं पोरगी, आवाजानं शाळा. वर पंखा असा खडखडत होता की निम्मं बोलणं तोच खात होता. कमलबाईनं तर बिस्किटाचा पुडा संपताच डोळे मिटले.

“तायांनो,” मॅडम म्हणाल्या, “नफा वेगळा आणि हातातला पैसा वेगळा. वर्षाच्या शेवटी नफा दिसेलही, पण माल भरायच्या दिवशी हात रिकामा असेल तर धंदा बसला. म्हणून पैसा वाहता पाहिजे. आणि धंद्याचा पैसा घरच्या पैशातून आधी वेगळा काढायचा. घरातल्या कुणाचाही त्याला हात लागता कामा नये!”

मल्लम्मापर्यंत पंख्यातून पोचलं ते एवढंच, की पैसा वाहायचा आणि मग त्याला कुणी हात लावायचा नाही. आता जिचा जन्म बेल वाहण्यात गेला, तिच्या कानाला वाहण्याचा दुसरा अर्थ कुठून सुचणार? तिनं हात वर केला.

“म्याडम, वाह्यचा कुणाला?”

“कुणाला म्हणजे?”

“न्हाई, म्हंजे ज्याचं त्याचं येगळं आसंल.”

मॅडमना वाटलं, ही बाई मालवाल्याचं आणि मजुरांचं विचारते आहे. त्या खूश झाल्या. “अगदी बरोबर! ते ज्याच्या त्याच्या धंद्यावर. तुमचं काय आहे?”

“वाती.”

“मग तुमचा धंदा कुणाच्या जिवावर चालतो ते बघा. आधी त्याचं काढून ठेवा.”

“कळलं,” मल्लम्मा म्हणाली. आणि तिला खरंच कळलं होतं.

मॅडमनी सगळ्यांना बँकेत नेऊन खाती काढून दिली. महिन्याभरात मल्लम्माच्या नावाचा स्कॅनर आला, बोलका डबाही आला. तिनं आंघोळ केली, दोन्हींना विभूती लावली, स्कॅनर देवघरात महादेवाच्या शेजारी टेकवला, डबा समईच्या मागं ठेवला आणि पिंडीवर बेल ठेवून सांगून टाकलं, की वातीचा पैसा आजपासून तुझा.

लिंगपूजेला बसायला कल्याणराव आत आले आणि पाटाजवळच थबकले.

“हे काय करायलीस?”

“पैसा वाह्यलेय.”

“देवाला स्कॅनर? त्याच्याकडं काय मोबाइल हाय का?”

“तिसरा डोळा हाय की. त्यानं स्कॅन व्हतंय.”

कल्याणरावांनी जानव्यासारखा गळ्यातल्या लिंगाचा दोरा चाचपला आणि डोळे मिटून घेतले. पण त्या दिवशी त्यांचं ध्यान लागलं नाही.

श्रावण लागला. परभणीच्या दुकानदारांना मल्लम्मानं नवा स्कॅनर धाडला होता. आरती ऐन रंगात यायची आणि समईमागून आवाज यायचा, ‘दो हज़ार चार सौ रुपये प्राप्त हुए!’ कमलबाई ओसरीतून हात जोडायची. बाहेर कल्याणरावांच्या तराजूचा काटा हलायचा. आवाज आपल्याच घरातला, पैसा आपल्याच बायकोचा, आणि आपल्याला लावायला बोट नाही! शिवाला वाहिलेलं घरात वापरायचं नाही, ही त्यांच्या आजोबांची शिस्त. ती मोडायची छाती त्यांच्यात नव्हती.

कार्तिक सरला तेव्हा, देणं फेडून उरेल ते देवाचं या हिशोबानं, व्यापाऱ्याची उधारी आणि बायकांची मजुरी नोटांत चुकती होऊन महादेवाच्या नावे बावन्न हजार उरले होते. बरोबर दोन गाठी रुईचे. जिनिंगवाल्यानं निरोप दिला, दत्तजयंतीच्या आत उचला, पुढं भाव चढणार. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मल्लम्मा रोख देऊन माल घेणार होती.

आणि नेमकी त्याच आठवड्यात चारठाण्याहून लग्नपत्रिका आली. कल्याणरावांच्या बहिणीचा मुलगा शंभुराज याचं लग्न. मामाच्या आहेराकडं मांडव डोळे लावून बसतो. कल्याणरावांनी बहिणीला फोनवरच सांगून टाकलं होतं, मामाची अंगठी येणार.

“अंगठी म्हंजे कितीला जातीय?” मल्लम्मानं विचारलं.

“पन्नासच्या आसपास.”

“कुठून आणणार?”

कल्याणरावांनी देवघराकडं पाहिलं.

“तो वाह्यलेला पैसा हाय,” ती म्हणाली.

“बरं. मग तू कापसाला काढणार हाईस ते? वाह्यलेलं तुला चालतं आन् मला चालत न्हाई? महादेव काय तुझ्या म्हायेरचा हाय?”

बावीस दुकानदारांशी भांडणारी मल्लम्मा, पण हे तिला पटलं. खरंच की! देवाला दिलं ते दिलं. परत घ्यायचं कुठल्या तोंडानं? आणि घेतलं नाही तर गाठी गेल्या, सहा बायकांचं काम ज्येष्ठापर्यंत गेलं, आणि तेव्हा पुन्हा त्या व्यापाऱ्याच्या पायरीवर. ती सकाळी देवापुढं बसली तेव्हा कानडीतून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. या वेळी दोन्ही होतं, राग पण आणि जप पण. बेल वाहता वाहता तिचं लक्ष समईकडं गेलं. वात जळून काळी पडली होती. बदलायला तिनं नवी घेतली आणि हसली.

कल्याणराव दात घासत होते. ती मागच्या दारात जाऊन उभी राहिली.

“ओ, ऐकताव का? त्याच्या पैशाचा कापूस, कापसाच्या वाती, आन् वाती जळणार त्याच्याच म्होरं. त्याचं त्यालाच जायलंय. मी नुस्ती वळायले. तुमची अंगठी कुणाम्होरं जळणार?”

कल्याणरावांनी चूळ भरली, थुंकली. मग दुकानदाराचं डोकं चाललं.

“बरं, नगं फुकट. मी उसने घेतो देवाकडून. उसने तर चालतेत?”

“चालतेत की. या. हात ठिवा पिंडीवर आन् कवा देणार ते सांगा. मी मधी पडत न्हाई.”

कल्याणराव पाटावर बसले. पिंडीवर हात ठेवला.

“महादेवा, सुगीला देतो.”

“तुमच्याकडं वावर कुटं हाय, सुगीला द्यायला?” मागून मल्लम्मा.

“तू मधी पडणार नव्हतीस!”

“मी न्हाई. त्यो इचारायलाय. त्याला बोलता येत न्हाई म्हणून मी.”

“दिवाळीला देतो.”

“कंच्या? मागल्या दिवाळीचं चहापत्तीवाल्याचं अजून ऱ्हायलंय.”

ओसरीत कमलबाईनं पदर तोंडात कोंबला. कल्याणरावांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली. गिऱ्हाइकाला उद्या, परवा, सोमवारी सांगणं सोपं असतं. पिंडीवर हात ठेवून तारीख सांगायची म्हटल्यावर मात्र माणसाला आपल्या गल्ल्याचा तळ दिसतो. त्यांनी तीन सण आठवले, एकाही सणाला पैसा दिसेना. शेवटी हात काढून घेतला.

“लय चेंगट देव हाय,” असं म्हणून ते दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी टेम्पोनं दोन गाठी दारात आणून टाकल्या. कमलबाईनं त्यांना हळदीकुंकू वाहिलं आणि मग त्यांच्यावरच बसून चहा प्याली.

राहिलं लग्न. चारठाण्याच्या मांडवात कल्याणरावांनी भाच्याला टॉवेल-टोपी आणि अकराशेचं पाकीट दिलं. बहिणीनं पाकीट दाबून पाहिलं. तिचं तोंड उतरलं आणि आवाज चढला.

“दादा, मामाची अंगठी कुटंय?”

चारचौघींच्या माना वळल्या. कल्याणरावांच्या तोंडून निघून गेलं, “बावन्न हजार महादेवाला वाह्यले यंदा. हात रिकामा हाय गं.”

मग मागून कुणीतरी म्हणालं, “बावन्न हजार!” माईकवाल्याच्या कानावर ते गेलं, आणि माईकवाल्याच्या कानावर गेलेलं तालुक्याच्या कानावर गेल्यासारखंच. ‘पिंगळीचे शिवभक्त कल्याणराव शेट यांनी...’ सुरू झालं. शाल आली, नारळ आला. ज्या बहिणीचं तोंड उतरलं होतं तीच आता सासरच्यांना सांगत होती, आमचा दादा पहिल्यापासून असाच. मल्लम्मा बायकांच्या पंगतीत बुंदी खात होती. नवरा खोटं बोलत नव्हता, मग मध्ये कशाला बोलायचं? तिनं आणखी एक वाटी वाढून घेतली.

गंमत संपली असं कल्याणरावांना वाटलं. पण शिवरात्रीला महिना उरला असताना शंभुराजच्या सासुरवाडीच्या गावातली तीन माणसं दुकानात येऊन बसली. देवळाच्या कमिटीची.

“शेट, तिकडच्या महादेवाला बावन्न दिलेत. आमच्या महादेवाचं बी कायतरी बगा.”

कल्याणरावांनी पाणी मागवलं. खरं तर त्यांना बायको हवी होती. मल्लम्मा पाण्याचे तांबे घेऊन आली, आणि पाणी पिऊन होईपर्यंत तिनं सगळं विचारून घेतलं. शिवरात्रीला लाख वाती लावायचा त्यांचा संकल्प होता. वळायला गावात बायका मिळेनात.

“देणगी न्हाई माझ्याकडं,” ती म्हणाली. “वाती हायेत. कापूस नवा, भाव सांगते. परभणीपेक्षा कमी पडंल.”

माणसं एकमेकांकडं पाहू लागली. आली होती मागायला, आणि आता घासाघीस सुरू होती. भाव ठरला.

“निम्मे आधी लागतेत,” मल्लम्मा म्हणाली.

“आधी? आवो, देवाचं काम हाय ते!”

“मग देवाच्याच खात्यात टाका. चपला भाईर काढा आन् आत या.”

कमिटीचे अध्यक्ष खिशातला मोबाइल काढत उठले. तेवढ्यात गल्ल्यामागून कल्याणराव बोलले. आयुष्यभर लोकांना ‘राहू द्या, नंतर बघू’ म्हणणारा माणूस तो.

“आन् ऱ्हायलेले निम्मे माल उचलताना. शिवरात्रीनंतर न्हाई. शिवरात्रीनंतर देव बी झोपतो, आन् कमिटी बी.”