चिलखताच्या आत गोधडी

मंडळी, आज सकाळी इथे आखातात, रिफाच्या हॉलमध्ये आपल्या नाटकाची तालीम होती. सलमाबादच्या वर्कशॉपमधून लोखंडी कड्यांचं चिलखत आलं होतं. सरदार झालेल्या माझ्या नवऱ्याने ते नुसत्या बनियनवर चढवलं. लाकडी तलवारीचा एकच फटका बसला आणि खांद्यावर कड्यांची नक्षी उमटली.

"खलास, मी नाही करत," म्हणाला.

मी घरी जाऊन गोधडी कापली आणि बंडी शिवली. जुने लढवय्येही आत असंच जाड, कापूस भरलेलं घालायचे. लोखंड धार अडवतं, मार झेलते ती गोधडी.

दुसऱ्या फटक्याला तो हसला. मग बंडी चाचपून म्हणाला, "ही गोधडी माझ्या आईने शिवलेली ना?"

"मग? तुझा मार दुसरं कोण झेलणार?"

अजून दोन मावळे बनियनवरच आहेत. कोणाकडे आहे आईची गोधडी?