निम्म्या वाटेतली बायको

रफूकाकांनी केलेला रफू शोधून दाखवायच्या भानगडीत बाजारात कुणी पडत नसे. कोटाला सिगारेटनं भोक पडो की उंदरानं बाही कुरतडो, काका त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून चार धागे उपसत आणि भोक असं बुजवत, की गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून थके. बाहेरचा धागा त्यांनी कधी लावला नाही. याचा त्यांना गर्व होता, आणि असायलाच हवा होता.

चार वर्षांपूर्वी त्यांना कॅन्सर झाला. औषधानं गाठ गेली, पण त्याच औषधानं मूत्राशयाचं आतलं अस्तर जाळून टाकलं. तेव्हापासून दर पंधरा मिनिटांनी लघवीला उठणं काकांच्या पाचवीला पुजलं. सुईत धागा ओवावा आणि उठावं. काका कळांना सरावले, लोकांच्या थट्टेलाही सरावले. एकाच गोष्टीला सरावले नाहीत. दुपारी दुकानातल्या खुर्चीत डोळा लागला, की पिवळ्या उजेडाचं एक लांबच लांब दालन दिसे. दोन्ही बाजूंना कोट टांगलेले, वारा नसतानाही बाह्या हलताहेत, आणि पार त्या टोकाकडून त्यांची बायको चालत येते आहे. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिला काहीतरी सांगायचंय, हे तिच्या चालीवरून कळे. पण बाई पहिल्यापासून सावकाश चालणारी. ती निम्म्यात येते न येते तोच ओटीपोटात कळ उठे आणि काका संडासाकडे धावत. ती काय सांगणार होती, एवढं कळलं असतं तरी त्यांना पुरे होतं.

इस्पितळात एक नवा उपचार चाचणीला होता. पोटाच्या चरबीतून मूळ पेशी काढायच्या, वाढवायच्या आणि मूत्राशयाच्या अस्तरात सोडायच्या. गुण येईलच असं डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत. काकांना मात्र सगळं चटकन उमगलं. आतल्या दुमडीतलाच धागा! त्यांनी लगेच सही केली.

पहिल्या खेपेनंतर बाईंनी वही दिली. केव्हा उठलात ते लिहायचं. महिन्याभरात पंधराची जेमतेम पंचवीस मिनिटं झाली होती. काकांनी लिहिलं, दोन तास. बाईंनी इतकं मन लावून काम केलेलं, त्यातलं भोक त्यांनाच कसं दाखवायचं? बाई वही वाचून खुलल्या. म्हणाल्या, मग दुसरी खेप नको, ती गुण न आलेल्यांसाठी आहे. काका मान डोलावून बाहेर आले.

बाहेर त्यांची मुलगी बसली होती. तिनं वही चाळली.

"बाबा, ही वही कुणाची?"

"माझीच."

"दोन तास? अहो, इथं नंबर येईपर्यंत तुम्ही तीनदा जाऊन आलात."

काकांनी तिच्या हातातून वही घेतली. मग उठले आणि सरळ बाईंच्या खोलीत शिरले.

"बाई, मी खोटं लिहिलं. रफू दिसता कामा नये, ही जन्माची खोड आहे माझी."

बाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. या वहीच्या भरवशावर उद्या दुसऱ्या रोग्यांचा निर्णय होणार, हे त्यांनी ऐकवलं. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाल्या, "काका, भोकच झाकलंत तर मी टाका घालू कुठे?"

काका शरमले. मुलीनं शेजारी बसून नवी वही लिहून घेतली, खरी. दुसरी खेप झाली. पंचविसाची चाळीस मिनिटं झाली, मग तास. कधी पुन्हा अर्ध्या तासावर घसरत. काका तेही लिहीत.

पुढच्या एका दुपारी खुर्चीत त्यांचा डोळा लागला. तेच दालन, त्याच हलणाऱ्या बाह्या. बायको निम्म्यात आली. काका कळेची वाट बघत राहिले. ती अजून पुढे आली. तिच्या साडीचा रंगसुद्धा दिसला. ती अगदी खुर्चीपाशी आली आणि वाकून म्हणाली,

"किती वेळ एका जागी बसलाय? उठा आता, पाय आखडतील."

काका उठले. घड्याळात पावणेदोन तास उलटून गेले होते.

"जायचंय का, बाबा?" दुकानात डबा घेऊन आलेल्या मुलीनं विचारलं.

"नाही गं," काका डोळे पुसत म्हणाले, "तुझ्या आईनं उठवलं."