मास्तरांची माफी

मंगळवार, १० ऑक्टोबर. सकाळी ढग, नंतर ऊन. चष्म्याची दांडी पुन्हा सैल. दुपारी चार वाजता टेलर मास्तर आले, इंग्रजी शिकायला.

डायरीत हे शेवटचं वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं आणि आपण खरंच हे लिहिलं का, ते पुन्हा वाचलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मास्तरांचं दुकान आहे, छत्तीस वर्षांपासून. कानावर पेन्सिल, गळ्यात टेप. जेवतानाही ती टेप निघत नाही, असं त्यांची बायको सांगते. हात सोन्याचा, पण चूक कबूल करणं हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. कपडा घट्ट झाला तर तुम्ही सुटलात, सैल झाला तर तुम्ही आजारी आहात. माझा बैठकीतला पडदा त्यांनी चार बोटं आखूड शिवला, त्याला आता अकरा वर्षं झाली. तारीख डायरीत आहे. तेव्हा खिडकीकडे रोखून बघत म्हणाले होते, "बाई, खिडकी खाली सरकली असेल."

दुसरी खोड म्हणजे, न सांगितलेलं काम करायचं. बटण लावायला शर्ट द्यावा, तर कॉलर उलटवून मिळते. बहुतेकांना हे आवडतं. पण त्यांच्या होणाऱ्या सुनेला आवडलं नाही. मुलगी परमुलखातली, तिला आपली भाषा येत नाही. तिनं अस्तर उसवलं म्हणून एक जुना कोट दिला. मास्तरांनी अस्तर शिवलं आणि बाह्या फार लांब दिसल्या म्हणून सहा बोटं कापल्या. कोट तिच्या वारलेल्या वडिलांचा होता. ती दुकानातच ओरडली, रडली आणि कोट तिथेच टाकून गेली. मुलानं बापाला सांगितलं, "गुरुवारी पाचला ती कोट न्यायला येईल. तेव्हा तुम्ही नीट बोलला नाहीत, तर आम्ही दुसरीकडे बिऱ्हाड करू."

"म्हणून माफी मागायला शिकवा," मास्तर म्हणाले. "इंग्रजीत."

"मराठीत येते का?"

"कधी लागलीच नाही."

मी वही काढली. त्यांनी आधी स्वतःच्या मनानं एक माफी मागून दाखवली: "आय ॲम सॉरी, बट स्लीव्ह वॉज लाँग."

"सॉरीनंतर 'बट' चालणार नाही," मी म्हणाले. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर्सनी हे हातावर पट्टी मारून शिकवलं होतं.

"पण बाई, बाह्या लांब होत्याच!"

"होत्याच. वडिलांच्या होत्या ना."

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत कानावर ठेवली. मग गुपचूप लिहून घेतलं: मी तुमच्या वडिलांचा कोट कापला. मी विचारलं नाही. चूक माझी आहे. एकेक वाक्य मी इंग्रजीत म्हणायची आणि शेवटी सांगायची, "अगेन, प्लीज!" बुधवारी दुकानावरून गेले, तर ही वाक्यं खडूनं कापायच्या टेबलावर लिहिलेली होती आणि ती पुसू नयेत म्हणून मास्तर कोपऱ्यात अडचणीत इस्त्री करत होते.

"छत्तीस वर्षं संसार केला, काकू," त्यांची बायको मला मोठ्यानं ऐकवत होती, "मला एकदा म्हणाले का? आणि आता पाहा, परीक्षेला बसल्यासारखं पाठांतर!"

"तुझ्या बाह्या कापल्या का मी कधी?" मास्तर फणकारले.

गुरुवारी पाचला मी स्वेटरचं बटण तुटल्याचं निमित्त काढून दुकानातल्या स्टुलावर जाऊन बसले. बटण मीच तोडलं होतं. मुलगी आली, सोबत मुलगा. मास्तर उठून उभे राहिले, तोंड उघडणार, तोच तीच इंग्रजीत म्हणाली, "मला माफ करा. मी तुमच्यावर ओरडायला नको होतं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मागायला शिकवलं होतं, स्वीकारायला नव्हतं! खरं तर मलाही ते कुणी शिकवलं नाही. शाळेत आम्ही दिवसातून चारदा माफी मागायचो. आमची कुणी कधी मागितली नाही, त्यामुळे पुढचं उत्तर वहीत आलंच नाही.

मग मास्तरांनी जे येत होतं तेच म्हटलं. एका दमात, सगळं, आणि शेवटी जोरात, "अगेन, प्लीज!"

मुलीला वाटलं, तिनं पुन्हा म्हणायचं आहे. तिनं पुन्हा माफी मागितली. मास्तरांनीही पुन्हा म्हटली, "अगेन, प्लीज"सकट.

"अहो, हे संपणार कधी?" बायको शिलाई मशीनवर हात आपटून म्हणाली. "दुकान बंद करायचंय मला!"

मुलगा हसू दाबत होता. मास्तर वळले आणि फळीवरून चिंध्यांचं एक गाठोडं काढलं. ते कापलेला तुकडासुद्धा टाकत नाहीत. प्रत्येकाला चिठ्ठी टाचतात. या गाठोड्यात त्या दोन बाह्यांचे तुकडे होते. मुलीनं चिठ्ठीवर बोट ठेवून विचारलं, काय लिहिलंय? मुलानं वाचून इंग्रजीत सांगितलं. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी 'सूनबाई' होतं. तारीख कापल्याच्या दिवसाची, म्हणजे भांडणाच्या आधीची.

मुलीनं कोट अंगात घातला आणि हात पुढे केला. मास्तरांनी टेप काढली, मनगटापाशी नेली आणि तिथेच थांबले.

"हाऊ लाँग?" त्यांनी विचारलं. हे मी शिकवलेलं नव्हतं.

तिनं बोटांच्या टोकापर्यंत दाखवलं. जोड दिसेल, असं मास्तरांनी मुलाकरवी सांगितलं. दिसू दे, म्हणाली. त्यांनी माप लिहून घेतलं.

मी निघाले, तर मास्तर दारापर्यंत आले. बटण लावलेला स्वेटर माझ्या हातात देत, रस्त्याकडे बघत म्हणाले, "बाई, खिडकी सरकली नव्हती."

"चहाला या," मी म्हणाले.

गुरुवार, १२ ऑक्टोबर. साडेसहाला मास्तर शिडी घेऊन आले, चहा घेतला, बैठकीतला पडदा उतरवून नेला. तूर्त खिडकीला जुनी चादर लावली आहे.