ऑर्थीची लाल टोपी

ऑर्थी हाइनरच्या खानावळीत भांडी घासायची. काम चोख, तोंड बंद. आमच्या खोऱ्यात बाईची सगळी कुंडली तिच्या अंबाड्यावरच्या वाटीएवढ्या टोपीत दिसते: कुमारिकेची लाल, लग्न झालेलीची हिरवी, विधवेची काळी. ऑर्थीला लग्नाआधी मुलगी झाली, तेव्हा पाद्रीणबाईंनी भर चर्चच्या दारात तिची लाल टोपी उतरवली. नवरा कधी नव्हताच, तरी पोरीच्या वयात ऑर्थीच्या डोक्यावर काळी आली ती कायमची.

मग शहरातला चित्रकार आला. त्याला जत्रेतला नाच रंगवायचा होता. गावच्या पोरी तासन्‌तास उभ्या राहून कंटाळल्या, ऑर्थी राहिली. ‘‘या कोपऱ्यात लाल हवं,’’ म्हणत त्याने आपल्या पेटीतली लाल टोपी काढून तिच्या अंबाड्यावर ठेवली. त्याला मेल्याला काय कळतंय! ऑर्थीला मात्र कळत होतं. तो खानावळीमागच्या कोठारात रंगवायचा; काम उरकलं की ती तिथे जाऊन ते चित्र बघत बसायची. मी तिच्या जोडीला भांडी विसळायचे; मला म्हणाली, ‘‘चित्रात तरी राहू दे गं. बाकी काही नको मला.’’

जत्रेच्या दिवशी चित्र खानावळीत मांडलं. आधी नुसतं कौतुक. ‘‘ते बघ माझं पोट!’’ ‘‘पोट कसलं, पिंपच ते!’’ आणि मग हाइनर ओरडला, ‘‘अरे, ही कुमारिका कोण? आपली ऑर्थी!’’

‘‘सरका रे, नवरी आली!’’

वाजंत्र्यांनी वरातीची चाल धरली. लोक टेबलं बडवत हसले, चित्रकारही हसला. ‘‘मला काय, सांगाल तो रंग देतो.’’

‘‘राहू द्या ना, साहेब,’’ ऑर्थी म्हणाली.

तेवढ्यात नाचातून तिची मुलगी मार्थलीस पुढे आली. डोक्यावर लाल टोपी, मागे होणारी सासू. ‘‘आई, जनाची नाही तर मनाची तरी ठेव. माझी सोयरीक मोडायचीय का तुला?’’ मग चित्रकाराला म्हणाली, ‘‘काळी करा.’’

त्याने ब्रश उचलला आणि सवयीने रंगाची बशी ऑर्थीच्याच हातात दिली. उन्हाळाभर तीच धरायची. आताही तिने धरली, जराही न हलवता. टोपी काळी झाली तशा टाळ्या पडल्या. मार्थलीस परत नाचायला गेली.

‘‘ऑर्थी, बिअरचे घासलेले मग संपलेत!’’ हाइनर ओरडला.

तिने टेबलांवरचे उष्टे मग गोळा केले, त्यांत ती बशी ठेवली आणि सगळं घासायला मोरीत नेलं.